मिटीतलं बोट

नौसोरीच्या बस स्टँडवर माझं टेबल उलामिलाच्या टेबलाला लागून आहे. मी रोटीच्या गुंडाळ्या विकतो, आत बटाटा नाहीतर भेंडी. ती उकडलेला दालो, म्हणजे अळूचा मोठा कंद, आणि तळलेला मासा विकते आणि त्यावर पळीभर मिटी ओतते. मिटी म्हणजे नारळाचं दाट दूध, त्यात कच्चा कांदा, मिरची, लिंबू आणि मीठ. ती शिजवत नाहीत. शिजवली की तिला कुणी मिटी म्हणत नाही आणि सुवाची बस पकडायला धावणारा माणूस तिच्यासाठी थांबत नाही. माझ्या रोटीसाठी थांबतात, पण उलामिलाचं टेबल रिकामं झाल्यावर. ही गोष्ट मी हसत हसत सांगायला शिकलो आहे.

सगळं स्टँड तिला बुबू म्हणतं, म्हणजे आजी. मीही म्हणतो, जरी वयाने मी तिच्याहून थोडा मोठाच निघेन. ड्रायव्हर तिच्यासमोरून जाताना पाठ वाकवतात, शाळेची पोरं तिला बघून विड्या विझवतात, आणि पोलीस तिच्याशी बोलायच्या आधी टोपी काढतो. बाई धिप्पाड, केस पांढरे आणि ताठ उभे, अंगात फुलाफुलांचा सैल झगा. आवाज असा की कोरोवूच्या बसचा कंडक्टर ओरडायचं सोडून तिलाच गावांची नावं पुकारायला सांगतो.

स्वच्छतेच्या बाबतीत ही बाई म्हणजे माझ्या डोक्याला ताप होती. तिच्या धाकट्या मुलाला टायफॉइडने नेलं होतं, एका वादळानंतर, गावच्या विहिरीच्या पाण्यातून. तेव्हापासून न उकळलेल्या पाण्याचा थेंब तिच्या टेबलावर चालत नसे. नारळ पिळायचं फडकं रोज उकळायची. पैसे गिऱ्हाइकानेच डब्यात टाकायचे आणि सुटे त्यानेच उचलायचे, ती नोटेला हात लावत नसे. मिटीचं पातेलं बर्फाच्या परातीत, वर झाकण, झाकणावर धोंडा. आणि एवढ्यावर भागत नव्हतं, तिला माझ्याकडेही बघायचं असे.

"मुनी, नाक खाजवलंस."

"नाही खाजवलं."

"मी बघितलं. हात धू. तुझी रोटी खाऊन कुणी मेलं तर माझ्या टेबलाशेजारी मरेल."

मी हात धुवायचो. मुनसामी नावाचा माणूस, ज्याच्या बापाने उसाच्या शेतात कुणाचं ऐकून घेतलं नाही, तो बाईच्या धाकाने दिवसभर साबण लावत बसायचा. माझ्या बायकोने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली की एवढी वर्षं मी सांगत होते ते काय कानात बोळे घालून ऐकत होतास.

आणि अशा बाईच्या मिटीत इनोके रोज बोट घालायचा.

इनोके मासळीच्या ओळीत मासे खवलून, कापून द्यायचं काम करतो. उंच, काटकुळा, पुढचे दात गेलेले, पायात काही नाही. गाव त्याचं वर डोंगरात, त्यामुळे पोहता येत नाही. सगळा जन्म माशांत गेला, पण होडीत बसायची वेळ आली की हा आजारी. उलामिला बेटावरची, समुद्रातच वाढलेली. हिचं गाव आणि त्याचं गाव एकमेकांपासून कुठच्या कुठे, पण दोन्ही गावांचा मूळ देव एक. म्हणून ती दोघं एकमेकांची ताउवू. आता ताउवू म्हटलं की सगळे नियम उलटे होतात. जे बोललं तर दुसऱ्या कुणाचे दात पडतील ते ताउवूने बोलायचंच. त्याची वस्तू आवडली तर उचलायची, विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. आणि समोरच्याने काहीही केलं तरी रागवायचं नाही. रागावला तो हरला, आणि त्याच्या गावाची लाज गेली.

मासळीची गर्दी ओसरली की इनोके यायचा. धोंडा बाजूला, झाकण बाजूला. दालोचा तुकडा उचलायचा, आणि तो मिटीत अशा बेताने बुडवायचा की बोटंही पेरापर्यंत आत जावीत. मग बोटं चाटायची. मग पुन्हा आत.

"मीठ कमी आहे," तो म्हणायचा. "खाऱ्या पाण्यातली सडकी खेकडी आणि मिठाची कंजूस."

"डोंगरातलं डुक्कर," उलामिला म्हणायची. "तुझ्या आईने तुला चिखलातून उचललं तेव्हा पुसायचं राहिलं."

मग तो तिची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवून निघून जायचा. दुपारी ती मासळीच्या ओळीत जायची, त्याने स्वतःसाठी बाजूला ठेवलेला मासा शेपटीला धरून उचलायची आणि त्याच्यादेखत चालू लागायची. सगळी ओळ हसायची. सगळ्यांत जास्त इनोके हसायचा.

मला हे बघवायचं नाही. आमच्याकडे पातेल्यात कुणी उष्टं बोट घातलं असतं तर पातेलं आणि बोटवाला दोघंही उकिरड्यावर गेले असते. मी एकदा तिला म्हणालो, "माझं नाक चालत नाही, आणि त्याचं बोट चालतं?"

"तू माझा ताउवू नाहीस," ती म्हणाली. जणू मी विचारलं होतं की पाऊस वरून का पडतो.

मग चर्चच्या बायकांचं प्रकरण झालं. शनिवारी त्यांच्या गाण्याची तालीम होती, दुपारच्या जेवणाला सगळ्यांनी उलामिलाकडून मासा, दालो आणि मिटी नेली. दिवस कडक उन्हाचा होता, बर्फ लवकर वितळला होता, आणि तालीम लांबल्यामुळे जेवायला उशीर झाला. जेवण झालं आणि थोड्याच वेळात एकेक बाई गाणं सोडून बाहेर पळायला लागली. ओकाऱ्या, पोटात मुरडा. एका म्हातारीला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. सगळ्या बऱ्या झाल्या, पण रविवारी चर्चमध्ये नुसते पुरुष गायले, आणि ते ऐकून पाद्रीबाबांनी प्रवचन आटोपतं घेतलं.

सोमवारी नगरपालिकेची लोसालिनी आली. आरोग्य खात्यातली मुलगी, हातात थंड पेटी, तोंडात पेन. तिने पाणी घेतलं, मासा घेतला, मिटी घेतली, आणि कापसाच्या काडीने उलामिलाचे हात पुसून घेतले. मी नको नको म्हणत असताना माझेही घेतले.  उलामिलाचा मुलगा आजाराने गेला होता, आणि आता तिच्याच हातचं खाऊन कुणाला सलाईन लागलं. ही गोष्ट तिला आतून कुरतडत होती आणि मला ते बघवत नव्हतं. मी तिच्यासाठी चहा आणला. तिने कपाकडे बघितलं आणि विचारलं, "हात धुतलेस?"

निकाल घेऊन लोसालिनी परत आली ती खुर्ची ओढून बसलीच.

"बुबू, पाणी स्वच्छ. मासा ठीक. तुमचे हात स्वच्छ, याचेही स्वच्छ." याचेही म्हणताना तिने माझ्याकडे जरा नवल वाटून बघितलं. "घोळ फक्त मिटीत आहे. हे जे जंतू निघाले ते माणसाच्या कातडीवर असतात, नाकात असतात, आणि पिकलेल्या जखमेत तर भरपूर. नारळाचं दूध कोमट झालं की त्यांना रान मोकळं. ते विष सोडतात. मग ती मिटी पुन्हा बर्फात ठेवली काय आणि उकळली काय, विष जात नाही. या मिटीत कुणाचा हात जातो?"

"माझा," उलामिला म्हणाली.

"तुमच्या हातावर ते नाहीत."

"माझाच जातो. दुसऱ्या कुणाचा नाही."

मी तोंड उघडलं. टेबलाखालून माझ्या पायावर जो पाय पडला तो मी अजून विसरलेलो नाही. शनिवारी इनोकेच्या बोटाला चिंधी बांधलेली मी बघितली होती, माशाचा काटा घुसून सुजलेलं बोट, आणि तेच बोट मिटीत जाताना बघितलं होतं. उलामिलानेही बघितलं होतं. पण ताउवूचं गाऱ्हाणं सरकारी माणसाकडे करायचं म्हणजे दोन गावांमधलं काहीतरी जुनं, मोठं मोडायचं. ते तिच्याच्याने होणार नव्हतं.

लोसालिनी काही दुधखुळी नव्हती. "बुबू, माझाही एक ताउवू आहे," ती म्हणाली. "ऑफिसात येतो, माझी छत्री घेऊन जातो, मी भिजत घरी जाते. मी काही बोलत नाही. पण माझ्या छत्रीने कुणाला ओकाऱ्या होत नाहीत." ती उठली. "मी पुन्हा येईन. कधी ते सांगणार नाही. पुन्हा हेच निघालं तर टेबल उचलावं लागेल, आणि ते मला स्वतःला येऊन करावं लागेल. मला ते करायला लावू नका."

ती गेल्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सार एवढंच होतं की इनोकेला सांग, नाहीतर मी सांगतो.

"तू सांगायचं नाहीस," उलामिला म्हणाली. "तू सांगितलंस तर ते भांडण होईल. मी बघते."

दुसऱ्या दिवशी इनोके आला तेव्हा पातेल्याच्या शेजारी एक छोटं वाडगं तयार होतं. त्यात मिटी, बाजूला बशीत दालोचा चांगला मधला तुकडा. त्याने धोंड्याकडे हात नेला, तेवढ्यात उलामिलाने वाडगं पुढे सरकवलं.

"हे काय?"

"तुझं आहे."

धोंड्याकडे नेलेला हात इनोकेने मागे घेतला. मी गुंडाळी बांधत होतो, माझे हात थांबले. मला कळलं नाही, पण काहीतरी वाईट झालं आहे एवढं कळलं.

"मला वाढलंस," तो म्हणाला.

"खा."

"पाहुण्याला वाढतात." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी पाहुणा आहे, बुबू?"

त्याने तिला बुबू म्हटलं. एवढ्या वर्षांत त्याने तिला खेकडी म्हटलं, फुटकी होडी म्हटलं, मासळीच्या ओळीत ज्यावर बायका कान झाकतात असं काय काय म्हटलं, पण बुबू कधी म्हटलं नव्हतं. उलामिलाचा चेहरा उतरला. इनोकेने पाठ वाकवली, जसे सगळे ड्रायव्हर वाकवतात, आणि तसाच वाकून तिच्यासमोरून निघून गेला.

वाडगं तिथेच राहिलं. तिने ते संध्याकाळी कुत्र्याला घातलं.

त्यानंतर इनोके आला नाही. धोंडा सकाळपासून दुपारपर्यंत झाकणावर. उलामिलाने बर्फ वाढवला, मिटी थोडी थोडी करायला लागली, उरलेली ओतून द्यायला लागली. लोसालिनी एका दुपारी अचानक आली, बाटली भरून घेऊन गेली, आणि नंतर हसतमुखाने येऊन सांगून गेली की सगळं स्वच्छ आहे. तिने जाताना माशाची पुडीही विकत घेतली. मी आनंदाने उलामिलाला माझी एक गुंडाळी फुकट दिली, आणि मी असं करत नाही हे स्टँडवरचा कुणीही सांगेल.

तिने ती खाल्ली नाही.

"आता काय झालं?" मी म्हणालो. "टेबल वाचलं. लोक बरे आहेत. बोट नाही, जंतू नाही. तुला आणखी काय पाहिजे?"

ती पातेलं पुसत होती, आधीच पुसलेलं. "मुनी, माझा नवरा गेला तेव्हापासून मला तू म्हणून हाक मारणारं कोण आहे सांग."

"मी म्हणतो."

"तू बुबू म्हणतोस. तू घाबरतोस मला. सगळे घाबरतात. चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर बसवतात, बसमध्ये उठून जागा देतात, मी चुकीचं बोलले तरी मान डोलावतात. एक तो होता, जो माझी टोपी पळवायचा." ती पुसायची थांबली. "मी त्याला वाढलं, मुनी. माझ्या हाताने मी त्याला परका केला."

 मी रागीट माणूस आहे, रागवायला मला कारण लागत नाही, पण त्या दिवशी कुणावर रागवावं तेच कळेना. इनोकेचं बोट घाण होतं हे खरं. तो ओळीतला सगळ्यांत दुखावलेला माणूस होता हेही खरं. लोसालिनी बरोबर होती. उलामिलाने दुसरं करायचं तरी काय?

मग एक दिवस, भर बाजाराच्या वेळी, गिऱ्हाईक रांगेत उभं असताना, उलामिलाने ॲप्रन सोडला, साबणाची वडी उचलली आणि मला म्हणाली, "टेबल बघ. हात धू आधी."

मी टेबल बघितलं नाही. मी तिच्या मागे गेलो. रांगेतली निम्मी माणसंही आली.

मासळीच्या ओळीत इनोके एका मोठ्या माशाची खवलं काढत होता. ती समोर उभी राहिली तसा त्याने सुरा खाली ठेवला आणि पाठ वाकवायला लागला.

"सरळ उभा राहा, डोंगरी डुकरा," उलामिला म्हणाली.  "मला सांग. तुझं जे आहे ते माझं आहे की नाही?"

 असं विचारल्यावर ताउवूला एकच उत्तर देता येतं.

"आहे," तो म्हणाला.

"मी मागितलं पाहिजे का?"

"नाही."

"मग मी हे घेते." आणि तिने टेबलावरून हात घालून त्याची दोन्ही मनगटं धरली. "हे हात आता माझे."

तिने त्याला ओढत नळापर्यंत नेलं. एवढा उंच माणूस, पण उलामिला ओढते तेव्हा बसही जागची हलेल. नळ सोडला, साबण लावला, आणि बोटं, पेरं, नखांच्या कडा, मनगटापर्यंत चोळायला लागली. चिंधी सोडली. आतलं बोट जांभळं झालेलं, टोकाला पू.

"हे माझं बोट आहे," ती म्हणाली. "आणि तू माझ्या बोटाचं हे करून ठेवलंस? लोकाची वस्तू अशी वापरतात?"

कुणीतरी पहिल्यांदा हसलं. मग सगळी ओळ हसली. मी इनोकेच्या तोंडाकडे बघत होतो. दात नसलेलं तोंड घट्ट मिटलेलं. मला वाटलं आता हा हात सोडवून घेईल आणि सगळं कायमचं संपेल.

"नीट चोळ," इनोके म्हणाला. "तुझेच आहेत. माझं काय जातंय?"

उलामिलाने मान खाली घातली आणि आणखी साबण लावला. "हे हात आता मी सांगेन तिथे जातील. आधी दवाखान्यात जातील. बोट बरं होईपर्यंत माझ्या टेबलाजवळ येणार नाहीत. मग पळी धरतील. पातेल्यात शिरणार नाहीत. माझे हात मीही पातेल्यात घालत नाही."

"आणि तोंड? तोंड कुणाचं?"

"तोंड तुझं तुलाच ठेव. असलं घाण तोंड मला नको."

तो दवाखान्यात गेला. नर्सने बोटाला चीर देऊन पू काढला, गोळ्या दिल्या. मासे खवलायचं कामही बंद करायला लावलं तिने. तो ओळीत नुसता बसून दुसऱ्यांना शिव्या देत होता, म्हणजे मला तरी तसंच सांगितलं गेलं. आमच्याकडे तो फिरकला नाही. मला शंका यायला लागली. नळाखाली, सगळ्यांसमोर, हसत वेळ मारून नेणं वेगळं, आणि मनातून आलेलं वेगळं. उलामिलालाही शंका होती. ती रोज मासळीच्या ओळीच्या बाजूला तोंड करून उभी राहायची, आणि मी विचारलं की म्हणायची तिकडून वारा येतो.

मग एका सकाळी, मिटी नुकतीच केलेली, पहिली बसही आलेली नव्हती, तेव्हा इनोके आला. झाकणाला त्याने हात लावला नाही. टेबलासमोर उभा राहून त्याने दोन्ही हात पुढे केले. पट्टी निघालेली, बोटावर गुलाबी नवी कातडी.

"तुझे हात आणलेत," तो म्हणाला. "धू."

उलामिलाने साबण घेतला, उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि टेबलाच्या कडेला त्याचे हात धुवायला लागली. तो तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि ती त्याच्या. हात स्वच्छ झाले, पाणी संपलं, तरी तिने ते सोडले नाहीत, आणि त्यानेही काढून घेतले नाहीत.